खिडकीकडची बाजू

एमेट कुझ्माने पलंगाचा दांडा धरून जोर लावला. पलंग वीतभर सरकला. त्याची बायको वर्ना त्यावरच होती, चांगल्या हाताने ब्लँकेट घट्ट धरून.

"कुठे नेतोयस मला?"

"शेगडीकडे. ऊब आहे तिथे."

"मे महिन्यात?"

एमेटने पुन्हा जोर लावला. खोलीच्या मधोमध त्याच्या बापाने ठोकलेल्या पितळी खिळ्यांची रांग होती. शेगडीकडे हार्लन्स फेरी बरो, स्वतःचं कौन्सिल असलेलं छोटं गाव; खिडकीकडे त्याला वेढून असलेली टाउनशिप, तिचा कारभार वेगळा. हद्द घरातूनच जायची. इतकी वर्षं त्याची नुसती गंमत होती, कारण दोघं माडीवर झोपायचे, बरोच्या बाजूला. हिवाळ्यात वर्नाचं अर्धं अंग गेलं, जिना सुटला. पलंग खाली आला, तिला सस्क्वेहाना नदी दिसावी म्हणून खिडकीशी. एमेटही तिच्याशेजारीच झोपायचा.

आज संध्याकाळी बरोच्या कौन्सिलमध्ये मतदान होतं, आणि एमेट कौन्सिलवर होता. टाउनशिपच्या पोटातलं हे एवढंसं गाव, ते मोडून टाउनशिपमध्ये मिळवायचं का? एमेटचं विरोधातलं मत गेलं तर दोन्ही बाजू सारख्या, मग मेयर ठरवणार. आणि मेयरला बरो नकोच होता. गावचा पोलीस, वेशीवरची पाटी, सगळं जाणार.

"वर्ना, कोबीचे रोल आणलेत! ह्याला एकही देऊ नकोस."

शेजारची लोर्ना टोमासेक आत आली आणि थांबली. जमिनीवरचे ताजे ओरखडे. पितळी खिळे. एमेटचा घाम.

कौन्सिलवर बसायचं तर बरोत राहायला हवं. लोर्ना आजारी आईजवळ झोपायला हद्दीपलीकडे जायची, तेव्हा एमेटनेच तिची कौन्सिलमधली खुर्ची काढून घेतली होती. भर सभेत टेबलावर हात आपटून. 'जिथं अंथरूण, तिथला माणूस!'

एमेटचे कान तापले.

"आज कोणी विचारलं तर... खोटं बोलायला लागू नये म्हणून."

"हं."

तिने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने भांडं शेगडीवर ठेवलं, बाह्या सारल्या आणि पलंगाची दुसरी बाजू धरली.

"एकटा ओढून कंबर मोडून घेशील. सांग, कुठल्या बाजूला?"

वर्ना मान वळवून खिडकी शोधत होती. मान पुरी वळत नव्हती.

"खिडकीकडे," एमेट म्हणाला. त्याने दांडा पुन्हा धरला.

संध्याकाळी सभागृहात कौन्सिलच्या सेक्रेटरीने नावं घ्यायला सुरुवात केली.

"कुझ्मा?"

एमेट मागे, लोकांच्या खुर्च्यांपाशी उभा होता. टाय न लावता.

"अरे एमेट, तुझी खुर्ची इकडे आहे! विसरलास का?" कौन्सिलच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

लोक हसले. एमेट जागचा हलला नाही.

लोकांत बसलेली लोर्ना हसली नाही. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिने मांडीवर घेतली.