जुन्या मापाचं दार

शेषेरावांच्या खुराड्यातले दोन्ही राजहंस दोन वर्षांत मान खाली घालून चालायला शिकले होते. राजहंस ही काही नम्र जात नव्हे. वाटेनं जाणाऱ्या तलाठ्याच्याही अंगावर ते धावून जायचे. पण वरचा पत्रा होता तिथंच राहिला आणि पायाखालची गादी मात्र वर वर येत गेली, तेव्हा त्यांनी तरी काय करावं.

गादी भाताच्या तुसाची. धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीतल्या गिरणीतून पोत्यानं तूस यायचं. ते खुराड्यात पसरायचं, राजहंसांची आणि बदकांची घाण त्यात पडू द्यायची, रोज सकाळी दाताळ्यानं खालीवर करायचं आणि ओलं दिसेल तिथं कोरडं तूस भुरभुरायचं. खालचं मुरत जातं, वास येत नाही. वर्षातून एकदा, अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, सगळं तळापर्यंत उचलून मिरचीच्या रानात टाकायचं. ही सगळी शिस्त शेषेरावांच्या लेकीची, तनुजाची. पाखरंही तिनंच आणलेली, भाताच्या कापणीनंतर कळप घेऊन फिरणाऱ्या तेलंगी बदकवाल्यांकडून. 'बदक पितं कमी आन् सांडतं लई,' असं म्हणून पाण्याची परातसुद्धा तिनं खुराड्याबाहेर वाळूवर ठेवली होती.

ती गेली त्या साली गादी नुकतीच घालून झाली होती.

गेली म्हणजे निलंग्याच्या राजशेखरशी तिनं लग्न केलं, कचेरीत जाऊन, सह्या करून, आणि मग आईला फोन केला. पोरगा वाईट नव्हता. हाताला काम होतं, व्यसन नव्हतं. पण होता सुताराचा. शेषेराव भर अंगणात उभे राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "सुताराच्या घरात गेली न्हवं? आता ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई." बोलून गेले ते गेले. शेषेराव शब्दाचा पक्का माणूस, असं गाव म्हणायचं. असलं नाव गळ्यात पडलं की माणसाला चुकीचा शब्दसुद्धा जन्मभर वागवावा लागतो.

पहिली अखिती आली. कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "गादी उचलायची न्हवं?"

"अजून मुरली न्हाई."

यंदा दुसऱ्या साली विचारलं तेव्हाही तेच उत्तर. ज्या माणसाला मूठभर खत नाकाशी नेलं की कुठल्या उकिरड्याचं ते सांगता यायचं, तो दोन वर्षं मुरलेल्या खताला कच्चं म्हणत होता. कस्तुराबाईंना कळत होतं. तळाशी लेकीच्या हातची गादी होती. ती उचलली की तिच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं. म्हणून शेषेराव वरून तूस टाकत राहिले. रोज उजाडलं की तिचंच दाताळं घेऊन खुराड्यात वाकायचे, पण वरवर, हलक्या हातानं. दाते तळापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. त्या वेळी त्यांना तिची इतकी आठवण यायची की बदकं अंडी कुठं घालतात याकडंही लक्ष राहायचं नाही.

गादी चढली तसं आत उघडणारं दार अडायला लागलं. गावात चांगला सुतार होता, पण तो शब्दच शेषेरावांनी दोन वर्षांत उच्चारला नव्हता. स्वतःच करवत घेऊन त्यांनी दार खालून कापलं. सहा महिन्यांनी पुन्हा कापलं. दोन्ही वेळा वाकडं. वाढत्या पोराच्या चड्डीसारखं ते दार आखूड झालं आणि एका अंगाला चार बोटं फट पडली.

यंदा वैशाखात अवकाळी झाला आणि पत्र्यावरचं सगळं पाणी त्या फटीतून आत शिरलं. दोन दिवसांत गादी आंबली. खुराड्याचं दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. बदकांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि थोरला राजहंस लंगडायला लागला. त्याच्या तळव्याला गळू झालं होतं. शेषेरावांनी दोन पोती तूस ओतलं. सकाळपर्यंत तेही ओलं.

"ही तनीची पाखरं हायती," कस्तुराबाई म्हणाल्या. "पाखरं राखायची का गादी, तेवढं सांगा."

शेषेरावांनी तुसाचं तिसरं पोतं सोडायला घेतलं. मग कस्तुराबाईंनी फोन लावला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. शेषेराव पाठ करून उभे राहिले, पण तिथून हलले नाहीत.

"माय?" तनुजा म्हणाली. "सकाळी सकाळी काय गं?"

तो आवाज ऐकला आणि थोरल्या राजहंसानं दाराच्या फटीतून मान बाहेर काढली आणि गल्ली डोक्यावर घेतली. शेषेरावांना वाटलं, पाखरू बरं, त्याला शब्दाचा पक्केपणा सांभाळावा लागत नाही.

कस्तुराबाईंनी सगळं सांगितलं. तनुजानं विचारलं, "किती उंच हाय गादी?"

"गुडघ्याच्या वर."

"येवढी कशी? साल-दर-साल उचलत न्हवता का?"

कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. "न्हाई उचलली. तू घातलेलीच हाय खाली."

तनुजानं एकेक करून सांगितलं, "सगळी काढा, माय. जमिनीवर चुना टाका, दोन दिवस वाळू द्या. खालची कोरडी असंल ती टोपलंभर ठेवा आन् नव्या तुसात इरजणावानी मिसळा. म्हंजे नवी गादी लवकर लागती. हंसाचा पाय कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा."

शेषेरावांनी फावडं घेतलं. वरचा थर चिकट, उग्र होता. त्याखाली काळंभोर खत लागलं, भुसभुशीत, पहिल्या सालीच रानात जायला हवं होतं असं. ते घमेल्यानं भरत गेले, कस्तुराबाई बाहेर ढीग घालत गेल्या. शेजाऱ्यांनी हात लावायला विचारलं तर शेषेरावांनी नको म्हटलं. ऊन कलायला आलं तेव्हा फावडं तळाला लागलं आणि वेगळाच आवाज झाला.

भुईमुगाची टरफलं. त्या साली तूस कमी पडलं होतं म्हणून तनुजानं खाली टरफलं घातली होती. पेरणीच्या शेंगा फोडायला बाप-लेक एक अख्खी दुपार ओसरीवर बसले होते. चांगला दाणा दिसला की ती बियाण्यात न टाकता तोंडात टाकायची आणि शेषेराव बघून न बघितल्यासारखं करायचे. राजशेखरचं तेव्हा ठरलंच असणार. सांगायचं म्हणूनच ती त्या दुपारी बसली असेल, आणि आपण पावसाचं, भावाचं बोलत राहिलो, हे त्यांना आता कळलं. आतल्या कोपऱ्यातली टरफलं अजून कोरडी, अख्खी होती. शेषेराव तिथंच मांडी घालून बसले. डोळ्यांना पाणी आलं, आणि वासामुळं म्हणावं तर वास केव्हाच गेला होता.

त्यांनी टोपलंभर टरफलं हातानं वेचून घेतली, बाहेर आले, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाले, "लाव."

कस्तुराबाईंनी काही न विचारता फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"तने."

"आबा."

"जुनी किती ठेवायची?"

सकाळी सांगून झालं होतं. तनुजानं पुन्हा सांगितलं, "टोपलंभर, आबा."

"हाव. ठिवली." शेषेरावांनी खुराड्याकडं पाहिलं. थोरला राजहंस आत मोकळ्या जमिनीवर एका पायावर उभा होता, मान सरळ वर करून. "खुराड्याचं दार बिघडलंय. म्या कापलं, वाकडं कापलं. आता गादी काढली तर खालून मांजर जाईल. नवं कराया लागतंय." त्यांनी घसा खाकरला. "हितला सुतार न्हाई चालायचा. निलंग्याकडं कुणी असला तर बघ."

फोनमधून लांबून एका पुरुषाचा हळू आवाज आला, आणि तनुजा रडत रडत म्हणाली, "आबा, ते इचारून राहिलेत. आखूड दाराचं माप का जुनं?"

"जुनंच," शेषेराव म्हणाले. "आन् माप फोनवर न्हाई कळत. येऊन घ्या म्हनावं."