अर्ध्या पानाचा पुरावा

मी एक नोंदवही बोलतेय. दप्तरातली शंभर पानी वही नव्हे. त्या पोरीटोरींशी माझी तुलना नको. मी चांगली दोन किलो वजनाची, कापडी पाठीची, टेलिफोन एक्स्चेंजची नोंदवही आहे. माझ्या प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: तारीख, वेळ, कोणाला फोन लावला, ऑपरेटरचा नंबर आणि शेरा. एवढ्याशा रकान्यांत माणसाचं काय मावणार, असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

एका म्हाताऱ्या बाइंडरने मला शिवलं. डिंक वाळल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला होता, "ही माझ्यापेक्षा जास्त टिकणार." बोलला ते खरं निघालं. बिचारा माझी निम्मी पानं भरायच्या आत गेला.

एक्स्चेंजची खोली तळमजल्यावर होती. समोर भोकाभोकांचा लांबलचक बोर्ड आणि त्यापुढे कानाला हेडफोन लावून बसलेल्या बायका. गावात कोणालाही फोन करायचा असला की वायर यांनी जोडायची. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. कामावर नावं घ्यायची पद्धत नव्हती. प्रत्येकीच्या छातीवर नंबराचा बिल्ला आणि हाक तीच. "सात, चहा गार होतोय गं तुझा!" "बारा, वेणी सांभाळ, वायरीसोबत जोडली जाईल!" या सात आणि बारा म्हणजे अगदी जिवाभावाच्या मैत्रिणी. डबा एकीचा आणि घास दोघींचे.

तिथे दोन नियम कडक होते. ऑपरेटरने स्वतःहून लावलेला प्रत्येक फोन माझ्यात लिहायचा, आणि बदली बाई आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

एके दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरच्या तलावावरच्या पंपघरातून फोन आला. बांधाला चीर पडली होती. त्या वेळी बोर्डवर सात आणि बारा दोघीच होत्या. त्यांनी खालच्या वस्तीतल्या एकेका घरी, दुकानात, दवाखान्यात फोन लावायला सुरुवात केली: "पाणी येतंय, वर निघा, शेजाऱ्यांना सांगा." लावला फोन की माझ्यात नोंद. दोन पस्तीसपर्यंत माझ्यात दोन नंबर आहेत, सात आणि बारा. त्यानंतर चार दहापर्यंत फक्त बारा, बारा, बारा. शेवटी पाणी खोलीत शिरलं तेव्हा तिने पाय खुर्चीवर घेतले, मला मांडीवर ठेवलं आणि लिहीत राहिली. माझी खालची कड तेव्हाच भिजली. वस्ती वाचली.

पुढे यंत्रं आली आणि बायका गेल्या. मी कोठारात एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली अकरा वर्षं काढली. माझ्यावर उभं राहून ते टेबल अगदी ताठ मानेने मिरवायचं. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा मला रद्दीत काढलं. तिथून मला एक्स्चेंजच्या तारा सांभाळणाऱ्या एका लाइनमनने उचलून घरी नेलं. त्याची बायको म्हणाली, "आता काय गावाचे फोन तुम्ही लावणार?" मला पुसून त्याने कपाटावर ठेवलं.

आणि एका दुपारी माझा माग काढत भिंगरी त्याच्या घरी आली.

भिंगरी हे घरातलं नाव. मुलगी नववीतली, एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ. इतिहासाच्या बाईंनी वर्गाला प्रकल्प दिला होता: गावात घडलेली एखादी घटना शोधा, पण प्रत्येक विधानाला मूळ कागदाचा आधार हवा. भिंगरीची आजी म्हणजेच आमची सात. घरात सगळ्यांना पाठ होतं की पुराच्या दिवशी आजी एकटी बोर्डवर बसून राहिली. आजी यावर कधी बोलायची नाही. घरचे म्हणायचे, किती हा विनय!

भिंगरीने प्रकल्प आधीच लिहून काढला होता. मुखपृष्ठावर आजीचा फोटो, खाली सोनेरी शाईत 'एकटीने वाचवलेलं गाव'. निष्कर्ष तयार होता, फक्त पुरावा चिकटवायचा राहिला होता. म्हणजे वरात निघाली आणि नवरदेवाचा पत्ता नाही, तसला प्रकार.

"आजोबा, ते पान मिळालं ना, की माझं काम फत्ते," ती लाइनमनला म्हणाली.

"बघ बाई. निवांत बघ," म्हणून तो चहा ठेवायला गेला.

तिने ते पान उघडलं. बोट रकान्यावरून खाली सरकलं. सात, बारा, सात. मग बारा. मग पुढे सगळे बाराच. बोट थांबलं. तिने पुन्हा वरून मोजलं, जणू दुसऱ्या खेपेला माझी शाई बदलणार होती.

मग तिने एक कोरा कागद काढला, माझ्या पानाचा खालचा अर्धा भाग झाकला आणि वरच्या अर्ध्याचा फोटो घेतला. मला राग आला. पुराचं पाणी सोसलं, वाळवीला पुरून उरले, आणि ही पोर मला एका कागदाने गप्प करत होती! पण आजीवर फार जीव होता तिचा.

लाइनमनने मला तिच्यासोबत पाठवलं. "बाईंना मूळ वहीच दाखव," म्हणाला. घरी पोचल्यावर तिने मला दप्तरातून काढलं आणि नेमकी आजी समोर आली. आजीने मला ओळखलं. पंचेचाळीस वर्षांनी तिची बोटं माझ्या पाठीवरून फिरली. तिने न शोधता ते पान काढलं, मग प्रकल्पात चिकटवलेला फोटो पाहिला.

"खालचं अर्धं कुठंय गं?"

भिंगरी रडायलाच लागली. "आजी, कोणाला कळणार नाही."

"मला पंचेचाळीस वर्षं कळतंय, ते पुरे नाही का?" आजी खाली बसली. "तुझा बाबा दीड वर्षाचा होता, तापाने फणफणलेला. आमचं घर वरच्या अंगाला, तिथे पाणी येणार नव्हतं. तरी मी खुर्ची सोडून पळाले. दुसऱ्या दिवशी लोक मलाच हार घालायला आले आणि मी नाही म्हटलं नाही. बारा आजारी पडून माहेरी गेली होती. परत आली तेव्हा तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, मी नोकरीच सोडली. आजतागायत नाही."

भिंगरीने डोळे पुसले. मुखपृष्ठ तिने स्वतःच्या हाताने फाडलं. आजीचा फोटो तेवढा अलगद सोडवून घेतला.

बारा कुठे राहते हे लाइनमनला ठाऊक होतं: बस डेपोच्या मागे, भाच्याकडे. रविवारी नात, आजी आणि मी, अशा तिघी गेलो. दार उघडलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आजी म्हणाली, "बारा, मी चोर आहे तुझी."

"चोर कसली? मीच तुला दाराबाहेर ढकललं होतं, विसरलीस? आत ये. उन्हात काय उभी!"

पण आजी उंबऱ्यावरच. ते ढकलणं तिला आठवतही नव्हतं. पळाले, एवढंच आठवत होतं. तेव्हा भिंगरीने मला उघडलं. ती पोर मुळात हुशार. एव्हाना तिने खालचं अर्धं पान ओळ न् ओळ उतरवून काढलं होतं, आणि एका नोंदीचा तिला उलगडा होत नव्हता. तिने बारालाच विचारलं.

"आजी, हे सगळे फोन खालच्या वस्तीतले. मग तीन वाजता हा एकच फोन वरच्या अंगाच्या किराणा दुकानात का? तिकडे तर पाणी येणारच नव्हतं. आणि शेरा फक्त याच ओळीला आहे. 'पोहोचली'."

बाराने चष्मा सारखा केला, पाहिलं आणि हसली. "अगं, ते दुकान हिच्या घराला लागून होतं. पूल ओलांडून जायचं होतं हिला. धड पोहोचली की नाही, बघायला नको?"

मग आजी आत गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मी सांगणार नाही. माझ्यात नोंदवायला तशी जागा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच भरून आलं होतं.

प्रकल्पाचं नवं नाव 'सात आणि बारा'. बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचायला लावला. दोघीजणी मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि मुलांसारख्याच कुजबुजत होत्या. बाईंनी दोनदा गप्प केलं.

लाइनमनने मला शाळेला देऊन टाकलं. आता इतिहासाच्या खोलीत खिडकीजवळ माझी जागा आहे. दरवर्षी नवी मुलं येतात, बहुतेकांचा निष्कर्ष खिशात तयारच असतो. बाई त्यांना म्हणतात, "जा, आधी तिला भेटून या."

या, खुशाल या. मला काचेत ठेवू नका, हात लावा, पानं उलटा, कोपरे थोडे दुमडले तरी चालेल. एवढंच मागणं आहे की पान अर्ध्यावर सोडू नका. आमच्या सातने तेव्हा बारा, बारा बघून मला मिटलं नसतं, ते खालपर्यंत वाचलं असतं, तर मैत्रिणीचं दार तिने पंचेचाळीस वर्षं आधीच वाजवलं असतं.