सुगंधाची देवी

माझी वेळ हरवते. मालवणच्या बाजारात सुरमई कापत बसलेली असते, आणि एकदम बघते तर घरी, तिन्हीसांजा झालेल्या, कपाळाला मळवट, पुढ्यात नारळांचा ढीग, आणि बायका माझ्या पायांवर डोकी टेकतायत. मधलं काय झालं? कप्पाळ! काही म्हणजे काही आठवत नाही. सासू सांगते, दर मंगळवारी तुझ्या अंगात देवी येते.

माझ्या नवऱ्यानं, लवूनं, मला चोरून दोनदा कणकवलीला समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "सुगंधा, हा आजार आहे, बरा होतो. फक्त येणं सोडू नका." मला तिथंच रडू फुटलं. बरी होणार म्हणजे माझा दिवस माझ्या हाती येणार हो!

सासूला कळलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "देवीक हाकलूक न्हेतस, मेल्या? रेडी गावासून लोक येतत हिच्या पायां पडूक!" लवूनं आईपुढं शेपूट घातलं. कणकवली बंद.

मग मीही हट्टाला पेटले. देवीचंच ऐकता ना? घ्या, ऐका! मंगळवारी माणसं जमली तशी मी केस सोडले, घुमले, डोळे फिरवले, आणि जत्रेत पाहिलं होतं तशी किंचाळले, "ह्या लेकराक कणकवलेक न्हेवा! नायतर निर्वंश करीन!"

दोघीतिघींनी हात जोडले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात सासू खो खो हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं माझ्या मुस्काटात दिली.

"सोंग करतस? देवी अशी बोलता खंय गो? देवी थंय कोपऱ्यात अंग चोरून बसता. 'नानानू, मारू नकात, मी गप रवतंय,' इतक्याच म्हणता, नि ल्हान पोरीसारख्या रडता. त्या रडण्याचो अर्थ मी लोकांक सांगतंय. आता कणकवलेचा नाव काढशीत तर बघ!"

नाना म्हणजे माझे वडील. ही सगळी माणसं दर मंगळवारी ते ऐकत होती, आणि मलाच तेवढा पत्ता नव्हता. मी लवूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मी रडते तेव्हा तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"काय करतलंव?" सासू म्हणाली. "पायां पडतंव."