काठोकाठ

फिजाला 'दाना सिस्टर्स'मध्ये शिरायचंच होतं. आखातातल्या मंगफ गावच्या इंडियन शाळेतून ती थेट अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात येऊन पडली आणि पहिलं सेमिस्टर तिने कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकटीने सँडविच चावत काढलं. दाना हा तिथल्या मुलींचा क्लब, आणि तिथला थाट काय विचारता! आधी चहापार्ट्या, मग मुलाखती, मग उमेदवारी. सीनियर सांगतील ते हसतमुखाने करायचं. फिजाने पोस्टर्स चिकटवली, फिंतासच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलला, कुरकुर म्हणून केली नाही. आता उरली होती शेवटची परीक्षा. क्लबची अध्यक्ष लुलवा हिच्या रुमैथियातल्या घरी उमेदवार मुलींनी गहवा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, वाढायची. पसंत पडेल तिला लुलवा मोत्याची पिन लावणार, बाकीच्यांनी घरी जायचं.

निघताना आईने, नूरीने, बजावलं, "कप काठोकाठ भर गो. अर्धा दिलास तर लोक म्हणतील, रत्नागिरीवाल्यांचा हात आखडता."

आईची आज्ञा! फिजाने लुलवाचा इवलासा कप अगदी काठोकाठ भरला.

दिवाणखान्यातल्या साऱ्या नजरा त्या कपावर खिळल्या.

"अगं, पाव कप द्यायचा असतो," तिची सीनियर प्रणिता कानाशी कुजबुजली. "भरलेला कप म्हणजे प्या आणि चालते व्हा. तू लुलवाला तिच्याच घरातून हाकललंस!"

फिजा करायला गेली एक आणि झालं भलतंच. इतक्या दिवसांची मेहनत एका कपात बुडाली होती, आणि पुन्हा तो कॅन्टीनचा कोपरा तिला नको होता.

लुलवा उठली. फिजाच्या हातातली किटली घेऊन तिने दुसरा कप ओतला, तोही काठोकाठ, आणि गोड हसून पुढे केला.

"घे."

अर्थ न कळायला तिथे कुणी दुधखुळं नव्हतं. दोघी-तिघी खुदकन हसल्या. दुसरी एखादी असती तर रडत पळाली असती. पण फिजाचे डोळे काही फुकट गेले नव्हते. संध्याकाळभर तिने पाहिलं होतं, पुरे झालं की मुली रिकामा कप हलवून परत देत. तोवर वाढणारीला किटली खाली ठेवता येत नव्हती.

तिने ती कढत कॉफी घटाघट संपवली आणि कप तसाच, जराही न हलवता, पुढे धरला.

लुलवाच्या भुवया वर गेल्या. रीत म्हणजे रीत. तिने ओतली, पुन्हा काठोकाठ. फिजाची जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोही कप संपवून पुढे धरला.

"नको असेल तेव्हा कप हलवायचा असतो," लुलवा म्हणाली.

"माहीत आहे," फिजा म्हणाली. "पण मला हवी आहे. आणि मी जाणारही नाहीये."

लुलवाचे ओठ थरथरले, आणि मग ती अशी हसत सुटली की किटली हिंदकळली. हसता हसताच तिने ओतलं. पाव कप. प्रणिताने हर्षाने आरोळीच ठोकली. पिन लावताना लुलवाने फिजाला घट्ट मिठी मारली, आणि फिजा आनंदाने ढसाढसा रडली.

घरी नूरी दारातच उभी होती. पिनेकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"त्या पोरीने तुला काय दिलान की नाय?"

"दिली ना, कॉफी. पाव कप!"

नूरीचं तोंड उतरलं. "इतकीच? येवढ्या मोठ्या घरची पोरगी!"

"इतकीच, अम्मी!" म्हणत फिजाने आईला उचलून गरकन फिरवलं.