तनुजाआत्याचं नाव

प्रेरणानं पोलीस ठाण्यातली खुर्ची उचलून भिंतीला टेकवली. आता पाठीमागे कुणी उभं राहू शकणार नव्हतं.

"घरी फोन करू नका म्हणाले होते मी."

"तुझीच माणसं आहेत, वैरी नाहीत," फौजदारबाई म्हणाल्या. "जिवाला धोका आहे म्हणतेस. पुरावा काय?"

तिच्या अंगावर वळ नव्हता. जातीबाहेरच्या अभयशी लग्न करणार, एवढंच ती घरात बोलली होती. त्यावर जेवता जेवता सगळे गप्प झाले होते. त्या गप्प बसण्याचा पुरावा कुठून आणायचा? अभय पुण्याहून निघाला होता. तोवर निवारागृहात जागा द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

बिडकीनहून भाऊ आला, तो आईला पुढं घालूनच. इंद्रजीतनं अदबीनं हात जोडले.

"लाडाची हाय, मॅडम. चुकली. घेऊन जातो."

फौजदारबाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला.

"आई, सांग की तिला," इंद्रजीत म्हणाला.

मनकर्णाबाई लेकीकडं न बघता फौजदारबाईंसमोर बसल्या.

"तनुजा माझी नणंद. तीबी असंच लग्न करणार व्हती. पाय घसरून हिरीत पडली म्हणून गावात सांगितलं. पडली नाय. ह्याच्या बापानं ढकलली. ह्यानं हात धरले व्हते तिचे. मी बांधावरून बघितलं."

"आई," इंद्रजीत हळूच म्हणाला. हात अजून जोडलेलेच होते.

फौजदारबाईंनी आपला चहाचा कप खाली ठेवला आणि दारातल्या शिपायाला खूण केली. शिपायानं इंद्रजीतच्या दंडाला धरून त्याला पलीकडच्या खोलीत नेलं.

"आत्यासाठी रडायचे मी," प्रेरणाचा आवाज फाटला. "तू कुशीत घेऊन सांगायचीस, पाय घसरला म्हणून."

"व्हय."

आईनं रडावं, माफी मागावी, काहीतरी करावं, असं प्रेरणाला वाटलं. मनकर्णाबाई नुसत्या बसून राहिल्या.

"पोरीची सोय आत्ताच करते," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण मावशी, तुम्ही आता कुठं जाणार?"

मनकर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तिलाबी जागा द्या," प्रेरणा म्हणाली. "पण माझ्या खोलीत नको."