नांगर उचल, पण सावकाश

भक्तीचा फोन आला तेव्हा जितेंद्र मालवणजवळच्या आचरे गावातल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला नायलॉनचा दोर तोडून देत होता. भक्ती त्याच्या कॉलेजच्या बँडची गायिका, आता ठाण्याच्या शाळेत संगीत शिकवणारी. तिला जुन्या पेटीत एक कॅसेट सापडली होती. तीत होतं 'नांगर उचल', त्यांनी स्वतः बांधलेलं एकुलतं एक रॉक गाणं.

"पुन्हा करूया," ती म्हणाली. "तू तिथून गिटार पाठव, हरी मस्कतहून ड्रम पाठवेल, मी इथे जोडते. इंटरनेट आहे कशाला?"

हरीचं नाव निघताच जितेंद्रने दोर नको तितका जोरात ओढला. शेवटच्या गॅदरिंगला ह्याच हरिश्चंद्रने ड्रमवर असा काही वेग धरला की जितेंद्रची बोटं मागे राहिली आणि सगळा हॉल हसला. विंगेत दोघं हातघाईवर आले. तेव्हापासून बोलणं बंद. गाणं संथच हवं, हे जितेंद्रचं मत इतक्या वर्षांत तसूभरही हललं नव्हतं.

तरी गिटार निघालीच. मुलीने, सलोनीने, तिच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून दिलं. घरी नेट नव्हतं, म्हणून पेनड्राइव्ह खिशात टाकून जितेंद्र एसटीने मालवणच्या सायबर कॅफेत गेला आणि गिटार पाठवून आला. संथ.

मस्कतहून ड्रम आले ते सुसाट. जितेंद्रने पुन्हा संथ पाठवलं. पुन्हा सुसाट उत्तर. सोबत एक अक्षर नाही.

"तुम्ही भांडताय ते मला इथे ऐकू येतंय," भक्ती वैतागली. "कुणीतरी नमतं घ्या!"

नमतं घेणार कोण? जितेंद्रने ठरवलं, ह्याच्याच वेगात वाजवून ह्याला गप्प करायचं. दुपारी दुकान बंद झालं की तो पडवीत बसू लागला. मागल्या दारी बांगडे साफ करणारी त्याची आई, आनंदी, ओरडायची, "कोण मागे लागलो आसा रे तुझ्या?"

बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. आणि एका दुपारी सगळं गाणं अडखळल्याशिवाय हाताखालून निघून गेलं. जितेंद्र एकटाच हसत सुटला.

त्याच आठवड्यात मस्कतहून फोन आला.

"जितू? मी हरी. माझो खांदो गेलो रे. डॉक्टर ओरडता. तुझ्या संथ चालीन घेवया. तूच बरोबर होतस."

हे वाक्य ऐकायला जितेंद्र अर्धं आयुष्य थांबला होता.

"नाय रे!" तो ओरडला. "महिनोभर घासून माका आता तुझीच चाल गोड लागता!"

पलीकडून हरीचं जुनंच गडगडाटी हसू. "म्हणजे परत भांडाण?"

भांडणही झालं आणि पोराबाळांच्या चौकशाही झाल्या. शेवटी ठरलं, कडवी सावकाश घ्यायची आणि शेवटाला खांदा टिकेल तितकं पळायचं.

तयार गाणं जितेंद्रने कॅफेत हेडफोन लावून ऐकलं. शेवटाला वेग चढत गेला, भक्तीचा आवाज टिपेला पोचला, आणि एकदम ड्रमची काठी खाली पडली. पाठोपाठ हरीची स्पष्ट मालवणी शिवी, "आवशीक!" भक्तीने ते तसंच ठेवलं होतं.

जितेंद्र इतक्या मोठ्याने हसला की कॅफेवाला उठून बघायला आला. जितेंद्रने हेडफोन काढून त्याच्याच कानाला लावले.