झाकणाखालचा बोळा

मी एक जुने चेंबर आहे. सिमेंटची गोल कडी एकावर एक रचून मला बनवले आहे. माझे बहुतेक अंग जमिनीत आहे. वर दिसते ते फक्त डोके आणि त्यावरचे जड झाकण. मला बघून तुम्हीही म्हणाल, 'अरे वा, बसायला बरी जागा आहे.' मित्रांनो, सगळे तेच म्हणतात. माझ्यावर बसून लोकांनी भाकरी आणि खारवलेले जुने चीज खाल्ले, मुलींच्या सोयरिकी जुळवल्या, सरकारला नावे ठेवली. एकदा एक शेळी तर माझ्यावरच व्याली. पण मी काय काम करते, हे विचारणारा माणूस विरळाच. म्हणून आता मीच सांगते. बोलण्यात थोडा त्रागा आला तर सोसून घ्या. तोंडात बोळा कोंबून ज्याला दिवस काढावे लागले, त्याने गोड कसे बोलावे?

माझा जन्म इजिप्तमधल्या तंता शहराबाहेरच्या एका धुळकट आवारात झाला. तिथून ट्रॅक्टरने मला कफ्र मसऊद गावात आणले. नाईल नदी समुद्राला मिळण्याआधी जी सपाट काळी जमीन पसरते, तिच्या अगदी शेवटच्या टोकाला हे गाव आहे. इथे पाणी उतरायला जागा नाही आणि जमिनीच्या पोटात खारट पाणी टपून बसलेले आहे. कालव्याचे पाणी शेतात सोडले की पीक हवे तेवढे पिते आणि उरलेले खाली मुरते. त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ते खालच्या खारट पाण्याला घेऊन पुन्हा वर येते. मग ऊन पाणी तेवढे उचलते आणि मीठ शेतात ठेवून जाते.

माझ्या आधी या कामाला उघडे चर होते. ते कधीच फुकट राबले नाहीत. प्रत्येक शेताची एक पट्टी चर खायचा आणि चरातून उपसलेला गाळ काठावर टाकला की आणखी एक पट्टी जायची. दर हिवाळ्यात पुरुष कमरेएवढ्या गार चिखलात उभे राहून तो गाळ उपसत. त्या पाण्याने कितीतरी जणांना पोटाचे दुखणे जडले. एक वर्ष कंटाळा केला, की पुढच्या वर्षी शेतावर पांढरी खार फुटलीच म्हणून समजा. लोक म्हणत, चर म्हणजे घरजावई. खायला घाला, निगा राखा, आणि वर शेजारी विचारणार, हा करतो काय?

मग जमिनीखालून नळ टाकण्यात आले. वरच्या शेतांचे पाणी नळांतून माझ्याकडे येऊ लागले आणि माझ्या दुसऱ्या तोंडाने खालच्या मोठ्या चराला जाऊ लागले. शेतकऱ्यांना चराखालच्या पट्ट्या परत मिळाल्या. मी ज्यांच्या शेतात उभे राहिले, त्या म्हाताऱ्या मेतवल्लींनी माझ्या झाकणावर थाप मारून म्हटले होते, "जो पितो, त्याला कधीतरी आडोशाला जावंच लागतं. जमिनीलासुद्धा. हा तिचा आडोसा." लोक हसले, पण दोन हिवाळ्यांत खार धुऊन गेली आणि कापूस छातीला लागला, तेव्हा तेच लोक माझ्याकडे आदराने बघू लागले.

मेतवल्ली दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे. लोखंडी पहारीने झाकण उचलायचे आणि कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकायचे. आवाज दबला वाटला, की पालथे पडून लांब दांड्याला बांधलेल्या डब्याने गाळ काढायचे. अंगरखा चिखलाने भरला म्हणून घरी बोलणी खायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्यासारखे दिवस होते. तेव्हा ते मला कळले नाही.

बोळ्याची गोष्ट मात्र तेव्हाचीच आहे. भाताला उभे पाणी लागते आणि मी तर पाणी खालून काढून घेणारे. म्हणून भाताच्या हंगामात माझ्या खालच्या तोंडात पेंढा आणि चिखलाचा बोळा बसवत. तेव्हा त्याचे काही वाटत नसे. कारण कोणत्या पट्ट्यात काय पेरायचे, हे सरकारकडून ठरून यायचे. भात तर सगळ्यांचा भात, कापूस तर सगळ्यांचा कापूस. लोक त्या नियमाला शिव्या घालत, पण बोळा सगळ्यांसाठी बसायचा आणि सगळ्यांसाठी निघायचा.

पुढे तो नियम गेला. ज्याला जे हवे ते त्याने पेरावे, असे झाले. गावाने सरबत वाटले. एकाच ओळीत कुणाचा भात उभा राहिला, कुणाचा कापूस, कुणाचे गुरांच्या चाऱ्याचे बरसीम. वर शेते वेगळी झाली, पण खालचे नळ कुणी वेगळे केले नाहीत. मेतवल्लीही तोवर गेले होते आणि त्यांची पहार गोठ्यात म्हशीच्या दाव्याचा खुंट झाली होती.

आता मेतवल्लींचा मुलगा बस्यूनी इथे शेती करतो. त्याच्या वरच्या अंगाला तफीदाचे दीड फद्दान, म्हणजे साधारण दीड एकर, शेत. तिला गावात अवादची आई म्हणतात. नवरा गेला, अवाद अलेक्झांड्रियात फरश्या बसवतो, आणि ही बाई एकटी कापूस काढायची. "कापूस वेचायला पोरी गाणी म्हणत येतात," असे ती म्हणायची. "भाताला कोण येतं? डास." तिच्या नवऱ्याने त्या शेतात कापूस काढला होता. तिला तो शेवटपर्यंत काढायचा होता. तिची दुसरी काही हाव नव्हती.

त्या वर्षी बस्यूनीने भात लावला. एका सकाळी त्याने माझे झाकण उचलले. मला वाटले, बापाची आठवण झाली. त्याने आपल्या जुन्या अंगरख्यात पेंढा गुंडाळला, चिखल थापला आणि माझ्या खालच्या तोंडात पायाने दाबून बसवला. मग झाकण लावून तो हात धुवायला गेला.

मी त्याची बाजूही सांगते. त्याला पाण्याची पाळी कालव्याच्या शेपटाला मिळते. वरचे सगळे भिजवून होईपर्यंत त्याच्या वाट्याला नुसता चिखल उरतो. उरलेले पाणी पंपाने ओढायचे, डिझेल जाळायचे, आणि ते खालून माझ्यातून निघून जायचे, हे कुणाला परवडेल? पण त्याच्या एका बोळ्याने तफीदाच्या शेताचीही वाट बुजली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मला तेव्हा कळला. वरून पाणी येत राहिले, खाली जाता येईना, आणि तिच्या कापसाच्या मुळांशी ते चढत गेले.

कापूस पिवळा पडला. सखल भागात पाने गळू लागली. तफीदा बिचारी कारण शोधत फिरली. खताच्या दुकानदाराशी भांडली, कालव्याच्या पाण्याचा वास घेतला, कुणाची नजर लागली म्हणून धूपही घातला. दमली की माझ्या झाकणावर येऊन बसायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि इथे तर ती कळशावरच बसली होती.

बस्यूनी तिला बघून काटक्यांवर चहा ठेवायचा.

"वहिनी, तोंड का उतरलंय?"

"कापूस जातोय रे बस्यूनी. खत दिलं, पाणी तोडलं, काही म्हणजे काही लागू पडेना."

"जिप्सम टाकून बघा. आमच्या सासऱ्यांनी टाकलं, जमीन लोण्यासारखी झाली."

"तुझा भात मात्र बघ. बेडूकसुद्धा बाळसं धरून आहेत."

बस्यूनीला एकदम ठसका लागला. चोराच्या मनात चांदणे. त्याने तिच्या पेल्यात न विचारता आणखी साखर घातली.

मी आत कोंडलेल्या पाण्यासह ओरडत होते, अगं बाई, ऊठ, झाकण उचल. पण सिमेंटचे ओरडणे कुणाला ऐकू जाते?

तफीदाने पाटल्या मोडून जिप्सम आणले. गाढवगाडीतून गोण्या उतरल्या तेव्हा बस्यूनी स्वतः मदतीला गेला. दिवसभर उन्हात त्याने तिच्या शेतात जिप्सम पसरले, मजुरी घेतली नाही, पाणीसुद्धा घरचे प्यायला. मला वाटते, त्याला खरेच वाईट वाटत होते. पण वाईट वाटून बोळा निघत नाही. जिप्समने मातीतले मीठ सुटते हे खरे, पण सुटलेल्या मिठाला जायला वाट लागते. ती वाट माझ्यातून जात होती आणि माझ्या तोंडात त्याचा अंगरखा होता.

मग एक दिवस हाजी गुबाशी आला. गावापलीकडच्या सरोवराच्या काठी त्याची मत्स्यतळी आहेत. खार फुटलेली शेते तो खंडाने घेतो, खणतो आणि मासे सोडतो. त्याने चपलेच्या टोकाने पांढरी माती उकरली.

"अवादच्या आई, ही जमीन आता कापसाची राहिली नाही. मला दहा वर्षं द्या. मासा मिठाला भीत नाही."

"दहा वर्षांनी तुम्ही शेत परत द्याल की खड्डा?"

"इकडे या, असं वाकून बघा. आता तरी शेत कुठंय?"

तिने अवादला फोन लावला. तो म्हणाला, "दे आई. किती दिवस मिठाशी भांडणार?" तिने बराच वेळ ओढणीचे टोक चावले. शेवटी व्यवहार ठरला. आमच्याकडे असा व्यवहार फातिहा वाचून पक्का होतो. तळहात उघडून सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, की शब्द फिरवता येत नाही. आणि मित्रांनो, ती फातिहा वाचायला ही माणसे कुठे बसली? माझ्यावर. गुबाशी एका कडेला, तफीदा दुसऱ्या कडेला, आणि साक्षीदार म्हणून मध्ये बस्यूनी. त्याने हात उघडले, डोळे मिटले, ओठ हलवले. दोन शब्द बोलायला त्याच्याकडे एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. तो फक्त 'आमीन' म्हणाला.

काही दिवसांनी भात पिवळा झाला. कापणीआधी शेत सुकवायचे म्हणून बस्यूनी आला आणि त्याने बोळा उपटला. अख्ख्या उन्हाळ्याचे कोंडलेले पाणी माझ्यातून असे धडाडत गेले, की बांधावरची म्हैस बिचकली. लवकरच तफीदाच्या शेतातली माती सुकली, तिला भेगा पडल्या, आणि मेल्यासारख्या कापसाच्या बुडख्यांना हिरवे कोंब फुटले.

ते कोंब बघून, मुळांशी साचलेले पाणी अचानक कुठून गेले हे ताडत, ती बांधाबांधाने चालत माझ्याकडे आली. बस्यूनीच्या गोठ्यातून तिने मेतवल्लींची पहार काढून आणली होती. तिने झाकण उचलले आणि वाहणारे पाणी बघितले. बांधावर वाळत पडलेला बोळाही बघितला. बस्यूनी विळा हातात धरून उभा होता.

"हा कधीपासून होता?"

"भात लावला तेव्हापासून."

"मी इथे चहा प्यायचे तेव्हा?"

"हो."

"फातिहा वाचली तेव्हा?"

बस्यूनीने विळा खाली ठेवला. "पाळी माझ्यापर्यंत येते तेव्हा कालव्यात बेडूकही बुडत नाही, वहिनी. बोळा नसता तर माझा भात वाळला असता."

"मग तसं सांगायचंस. मीही यंदा भात लावला असता. माझं काय कापसाशी लग्न लागलं होतं?"

"मी गुबाशीकडे जातो. त्याच्या पाया पडतो."

"फातिहा वाचलीये. साक्षीला कोण होतं?"

तिने झाकण परत नीट बसवले, पहार त्याच्या हातात दिली आणि निघून गेली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

गुबाशीच्या यंत्राने तिचे शेत खणले. खालचे नळ बांबूसारखे कडाकड मोडले. आता तिथे बारा महिने खारे पाणी उभे असते, आणि ते तळ्याच्या बांधाखालून पाझरून कुठे येते? बस्यूनीच्या शेतात. त्याची जमीन आता हिवाळ्यातही वाळत नाही. बरसीम कुजले आणि गव्हावर खार फुटली. आता तो रोज सकाळी आणि संध्याकाळी माझे झाकण उचलतो. पालथा पडून, बापासारखाच, डब्याने गाळ काढतो. इतकी निगा तर मेतवल्लींनीही राखली नव्हती. पण वरातीमागून घोडे नाचवून काय उपयोग? एका चेंबरने तळे आटत नाही. कधी कधी तो दमून आत बघत राहतो, आणि त्याचा चेहरा माझ्या पाण्यात दिसतो. मला त्याचा राग येतो. आणि राग येतो याचेही वाईट वाटते.

परवा तफीदा तळ्यावरून परत जात होती. गुबाशीच्या जाळ्यातले मासे निवडायला ती मजुरीने जाते, आपल्याच शेतात. बस्यूनीने काटक्यांवर चहा ठेवला होता. त्याने हाक मारली, "वहिनी, बसा ना. चहा घ्या."

ती थांबली. माझ्याजवळ आली, पण बसली नाही.

"आधी झाकण उचल," ती म्हणाली. "मग बसते."

त्याने उचलले. तिने ओणवे होऊन आत बघितले. पाणी वाहत होते. त्याने झाकण लावले तेव्हा ती बसली आणि दोघांनी चहा घेतला.

मित्रांनो, तुमच्याही गावात शेताखालून एखादा नळ जात असेल, बांधाला एखादा चर असेल. त्याची निगा राखायला अंग मोडते, दिवस जातो आणि बदल्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण बसून शेजाऱ्याचे दुःख ऐकण्याआधी एवढे करा. उठा, झाकण उचला, आणि आपण स्वतः आत काय कोंबून ठेवले आहे ते बघा.